मशीनचा वाकडेपणा

घराच्या पाटीसाठी अकोल्याच्या जुन्या शहरात तिसऱ्यांदा गेलो, तरी तो कारागीर घरीच बनवलेल्या, संगणकाच्या हुकमानं कापणी-कोरणी करणाऱ्या सीएनसी मशीनपुढे उकिडवाच बसलेला. जुन्या प्रिंटरच्या मोटारींवर चालणारं ते मशीन स्वतःसाठीच नवा भाग कापत होतं. त्यानं तो बोटांनी चाचपला आणि जुना, वाकडा भाग काढून तिथं बसवला.

"अजून याचंच चाललंय? माझी पाटी कधी?" मी वैतागलो.

"सर, सोताचा वाकडेपणा काढल्याबिगर लोकाइच्या कामाले हात कसा लावू देऊ याले?"

तीस वर्षं मी पोरांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या. पान्याखाली दाबलेला माझ्या पाटीच्या मजकुराचा कागद मी उचलला, कारागिराच्या कानावरची पेन्सिल मागितली आणि नावाआधीचं 'आदर्श शिक्षक' खोडून टाकलं.