बाईंची सात मिनिटं

गिऱ्हाईक आत आलं की जिच्या कपाळाला आठी पडते अशी दुकानदारीण अख्ख्या कॅनडात एकच असेल, आणि नेमकी तिच्याच हाताखाली मी चार वर्षं काढली. टोरंटोच्या नॉर्थ यॉर्क भागात एका कॉन्डो इमारतीच्या तळमजल्यावर तिचं जपानी मिठाईचं दुकान आहे. मी तिला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आले. तिने अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडे शाळेत छडी मारणारीला म्हणतात. बाई खूश झाल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी मी सांगलीहून तिथे गेलेली, एम.कॉम.ची डिग्री सुटकेसमध्येच होती, आणि बाईंना पुरण वाटता येणारं माणूस हवं होतं. मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाची मऊ पारी आणि आत लाल दाण्यांचं गोड पुरण. बाई त्या पुरणात क्रीम घोटायच्या आणि सगळंच गोठवून टाकायच्या. हे मी सासूबाईंना फोनवर समजावून सांगत होते, पण त्यांनी 'मोचीचं दुकान' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चपलेचं माप पाठवून दिलं.

फ्रीझरमधून काढलेली मोची बरोबर सात मिनिटांनी खायची, हा बाईंचा कायदा. सहाव्या मिनिटाला ती दगड आणि आठव्याला चिखल, असं त्यांचं ठाम मत. त्या टेबलावर टायमर लावायच्या आणि गिऱ्हाइकासमोर हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. कोणी आधीच हात लावला तर बशी उचलून आत. पार्सल मागणाऱ्याची तर उलटतपासणीच व्हायची. घर किती लांब, गाडीत हीटर लावणार का, वाटेत ग्रोसरीला थांबणार का. जवळच्या मार्कहॅमचा आपला एक मराठी गृहस्थ एकदा हट्टालाच पेटला. बाहेर मायनस अठरा आहे, डिकीत ठेवतो, डोन्ट वरी, म्हणाला. बाईंनी कोट चढवला, त्याच्याबरोबर पार्किंगमध्ये गेल्या आणि डिकी उघडायला लावली. आत बर्फ उपसायचं शोव्हल, बर्फावर टाकायच्या मिठाची गोणी आणि जुना टायर. बाईंनी टायर हुंगला आणि पार्सल कॅन्सल केलं. तो बिचारा माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो, या विकायला बसल्यात की राखायला?" मलाही ते कधी नीट कळलं नव्हतं.

जपानी मिठाईला ऋतूप्रमाणे नावं देतात म्हणे, कळ्या, धुकं, चांदणं वगैरे. बाईंचं म्हणणं, जे खिडकीतून दिसतं त्याचंच नाव द्यायचं. आणि खिडकीतून दिसायचं काय? बसस्टॉप. त्यामुळे त्यांच्या काळ्या तिळाच्या करड्या मोचीचं नाव होतं 'गाडीने रस्त्याकडेला लोटलेला बर्फ', आणि ब्लूबेरी घालून गोठवलेल्या वडीचं 'बस आत्ताच गेली'. लोक पाटी वाचायचे, एकमेकांकडे बघायचे आणि तरी घ्यायचे, कारण चव अशी की माणूस बोलायचा थांबे. मी त्यांना एकदा सुचवलं की जरा गोडसं नाव ठेवा. मिठाई गोड आहे ना, मग नावाने काय करायचंय, असं म्हणून त्या पुन्हा पुरण घोटायला लागल्या.

एवढ्या कडक बाईंचे खोके मात्र कोरे. पांढरेफटक, वर ना नाव, ना चित्र. कारण मला फार उशिरा कळलं. त्यांच्या वडिलांचं जपानमध्ये जुनं दुकान होतं. तिथल्या प्रत्येक खोक्यावर घराण्याची खूण असते आणि आता ते दुकान मोठे भाऊ चालवतात. बाईंना ती खूण आपल्या खोक्यांवर हवी होती. भावाने पत्रात लिहिलं होतं की गोठवलेली मिठाई ही मिठाईच नव्हे. बाईंनी मग खोक्यांवर दुसरं काही छापलंही नाही. खूण मिळेपर्यंत कोरेच, म्हणाल्या. वडील गेले तेव्हाही बाईंना वेळेत पोचता आलं नव्हतं, आणि त्यानंतर बहीणभावात फक्त नववर्षाची कार्डं जात-येत राहिली.

मागच्या शरदात भाऊ स्वतः टोरंटोला आले, खाऊन बघतो आणि काय ते सांगतो म्हणाले. बाईंनी त्या आठवड्यात फरशी चार वेळा पुसून घेतली, अर्थात माझ्याकडून. भाऊ पंचाहत्तरीचे, ताठ, कोटाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. सात मिनिटं झाली, त्यांनी लाकडी काडीने मोचीचे चार तुकडे केले, चारही खाल्ले, काडी खाली ठेवली, मान लववली आणि काहीतरी म्हणाले. बाईंचा चेहरा उतरला. मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "छान आहे म्हणाला." मला वाटलं, जिंकलं. पण तो पाहुणा दारापर्यंत पोचवण्यापुरता 'छान' होता, हे बाईंच्या तोंडावरून कळत होतं. भाऊ उठायच्या बेतात होते.

आता माझं काय चुकलं ते सांगते. आमच्या सांगलीकडे पाहुणा एकच खाऊन उठला तर तो यजमानणीचा अपमान. मी आणखी एक विचारली तर भावाने 'नको' म्हणून बशीवर हात आडवा धरला, म्हणजे तर वाढायलाच हवं. मी फ्रीझर उघडला, एक मोची काढली आणि त्यांचा हात बाजूला करून बशीत ठेवली. "असू द्या हो, एवढ्याने काय होतंय," असं मी मराठीतच म्हणाले. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी सरळ मोरीत जाऊन भांडी घासायला लागले. पण बशीत पडलेलं टाकून उठणं त्यांच्या रीतीतही बसत नाही, आणि मोची तर दगड होती. बहीणभाऊ समोरासमोर बसून राहिले. मग भाऊ बोलायला लागले. जपानी मला ओ की ठो कळत नाही, पण मी नळ बंद केला.

बाईंनी मला नंतर सांगितलं. वडिलांना शेवटी घास गिळवत नव्हता. काहीतरी थंड दे, म्हणायचे. भाऊ रोज रीतसर केलेली मिठाई घेऊन जायचे आणि ती तशीच परत यायची. "हे त्यांच्या घशाखाली उतरलं असतं," भाऊ म्हणाले. "तू तिथे हवी होतीस." बाईंनी तेव्हा धीर करून खूण मागितली. भावाने मान हलवली. म्हणाले, "ती नको. हे बाबांनी केलेलं नाही, तू केलं आहेस. तुझं नाव घाल."

मी बाहेर आले तेव्हा पंधराएक मिनिटं होऊन गेली होती आणि बशीत नुसता चिखल झाला होता. भाऊ तो चमच्याने खात होते. बाईंनी बशी उचलली नाही.

वसंतात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही दूर पश्चिमेला सस्काटूनला आलो. इथे सगळं आहे, पण मला बाईंची फार आठवण येते, आणि हे त्यांना कळवलं तर त्या पत्रातल्या व्याकरणाच्या चुका काढतील म्हणून कळवलं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचं पार्सल आलं. आत एक खोका, झाकणावर बारीक निळ्या अक्षरात त्यांचं नाव. उघडला तर रिकामा. चिठ्ठीत एकच ओळ होती : मिठाई तिथवर टिकणार नाही. मी ते नाव दोनतीनदा मोठ्याने वाचलं आणि स्वयंपाकघरात बसून मनसोक्त रडले.