दोरसानीची गळती

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं एका बिघडलेल्या गाडीभोवती रोज संध्याकाळी उभी राहिली, की ते आपोआप साचतात. गाडी दुरुस्त होते, कोणता स्क्रू कुठे बसला ते विसरायला होतं. किस्से तेवढे उरतात आणि चहाच्या वेळी हटकून वर येतात.

आमच्या गाडीचं नाव 'दोरसानी'. तेलुगूत दोरसानी म्हणजे जमीनदाराची बायको, मालकीणबाई. बाबांनी ही गाडी एका जमीनदाराच्या घरून जुनी म्हणूनच घेतली होती, तेव्हा तेलंगणातल्या आमच्या उटनूर गावच्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. पाठ गोल, रंग दुधी, डोळे वटारल्यासारखे दिवे आणि पुढे सोफ्यासारखी एकच लांब गादी. बाबांचं भांड्यांचं दुकान माझ्याकडे आलं, तशी गाडीही आली. आणि गाडीसोबत तिची गळतीसुद्धा! पाऊस आला की समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून टप, टप, टप.

दुरुस्तीला आम्ही तिघं होतो. एक मी. दुसरे मेहबूबचाचा, सत्तरीचे मिस्त्री. त्यांनी गॅरेज कधीचंच मुलावर सोपवलं, पण दोरसानीला दुसऱ्या कोणाचा पाना लागू देत नाहीत. तिसरे प्रल्हादराव, माझे शेजारी, तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण गावातल्या कुठल्याही प्रकरणात ते हजर असतातच.

माझी बायको सुनंदा दुरुस्तीत नव्हती. ती पीडितांमध्ये होती!

* * *

सगळं सुरू झालं ते वांकिडीच्या साखरपुड्यामुळे.

सुनंदाच्या भाचीचा साखरपुडा होता. निघालो तेव्हा ऊन होतं, अर्ध्या वाटेत पाऊस लागला. नवी पैठणी नेसलेली सुनंदा डाव्या बाजूला बसलेली. पहिला थेंब गुडघ्यावर पडला तशी ती गरजली, "गाडी थांबवा!" मागे दुकानातली भांडी होती. त्यातलं एक पितळी पातेलं काढून तिनं मांडीवर ठेवलं आणि वांकिडी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. खड्डा आला की पाणी डुचमळायचं आणि ती माझ्याकडे पाहायची. त्या पाहण्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

मांडवासमोर गाडी थांबली. मुलीची आत्या लगबगीनं पुढे आली. तिनं ते चकचकीत पातेलं पाहिलं, सुनंदाच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि आत हाक दिली, "अवं, उटनूरवाल्यायचा आहेर आला! पाण्यासगट आणला, शकुनाचा!"

पातेलं वांकिडीलाच राहिलं. येताना सुनंदानं एवढंच सांगितलं, "एक तर ही गळती घालवा, नाई तर मले बसस्टँडवर उतरवा."

* * *

दुसऱ्या दिवशी प्रल्हादरावांनी जाहीर केलं, "अगोदर मौक्यावर मुआयना झाला पाहिजे."

जागेवरच्या या पाहणीसाठी ते खडू आणि टॉर्च घेऊन गाडीत बसले. मी बाहेरून पाइपानं काचेवर पाणी सोडलं. पाणी जिथे दिसेल तिथे त्यांनी खडूनं खूण करायची, असं ठरलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून आवाज नाही. मी दार उघडलं, तर प्रल्हादरावांनी मांडीवर वही घेऊन पंचनामा लिहायला घेतलेला!

"सदरहू गाडीचे आत, डावे बाजूस, पंचाच्या उजव्या गुडघ्यावर पाणी पडत असल्याचे समक्ष आढळून आले. पाणी थंड आहे."

"अहो, पण शिरून कुठून राह्यलं?"

"ते तपासात येईल," ते म्हणाले. "आधी गुन्हा तर नोंदवू द्या!"

मेहबूबचाचा लांब उभे राहून विडी ओढत होते. जवळ आले आणि म्हणाले, "सेठ, पानी जिधर गिरता, उधर से घुसता नै."

त्यांनी साबणाचं पाणी केलं, काचेभोवतीच्या रबरावर बाहेरून लावलं आणि आतून टायरमध्ये हवा भरायची नळी हळूहळू फिरवली. डाव्या कोपऱ्यात काही नाही. वरच्या बाजूला काही नाही. आणि उजवीकडे, ड्रायव्हरच्या डोक्यावर, एकदम फेसाचे बुडबुडे! पाणी तिथून शिरायचं, रबराच्या आतल्या खाचेतून सगळी काच ओलांडून यायचं आणि डावीकडे टपकायचं. मी वर्षानुवर्षं डावा कोपरा बुजवत बसलो होतो!

प्रल्हादरावांनी वही उघडून एक ओळ वाढवली: "आरोपी उजवीकडे राहतो."

* * *

जागा कळल्यावर गावभरातून उपाय यायला लागले. कोणी डांबर सांगितलं, कोणी मेण. प्रल्हादराव म्हणाले, "जुने किल्ले गूळ आणि चुन्यानं बांधले. शेकडो वर्षं पावसात उभे हायेत. आपण काऊन नाई करत?"

"किले में शीशा था क्या?" चाचांनी विचारलं.

पण प्रल्हादराव ऐकणाऱ्यातले नव्हेत. चाचा नमाजाला गेले, तेवढ्यात त्यांनी घरून गूळ-चुना कालवून आणला आणि कोपऱ्यात थापला. मीही थापू दिला. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं होतं की जमलं तर जमलं.

सकाळी उठून पाहतो तर बोनेटवरून, काचेवरून, थेट स्टिअरिंगपर्यंत लाल मुंग्यांची रांग! तीन दिवस दोरसानीत कोणी बसू शकलं नाही. चौथ्या दिवशी सर आली आणि पाणी पूर्वीसारखंच टपकलं. चाचांनी आत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "पेशकार साब, पानी तो रुका नै. मगर अब्बी चींटियाँ भी तैर को आ रई!"

* * *

खरा उपाय एकच होता: काच काढायची आणि नवं रबर बसवायचं. पण या गाडीचं रबर आता मिळतं कुठे? हैदराबादचा दुकानदार फोनवर म्हणाला, "नमुना आणा. कापल्यावर आतली खाच नीट दिसली पाहिजे, मग जुळवून देतो." आमचं रबर तर वाळून, आकसून, वातीसारखं झालेलं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की बेज्जूरकडच्या एका खेड्यात अशीच एक गाडी गोठ्यात पडून आहे. मी आणि चाचा गेलो. गाडी होती! चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, पण छपराच्या सावलीत असल्यानं काचेचं रबर जिवंत होतं. आणि गाडीत कोंबड्या होत्या. पुढच्या गादीवर चार, मागे सहा-सात, आणि एक कोंबडा स्टिअरिंगवर.

मालकीण एक म्हातारी आव्वा होती. आम्ही म्हणालो, फक्त काचेचं रबर द्या. ती म्हणाली, रबर काढलं की काच पडेल, काच पडली की मांजर आत शिरेल. आणि हात ओवाळून तिनं विचारलं, "कोळ्लु येक्कड पडुकुंटायी, बाबू?" माझ्या कोंबड्यांनी झोपायचं कुठं?

प्रश्न बिनतोड होता. आम्ही परत आलो. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा दोरसानीच्या टपावर पत्र्याचं नवंकोरं खुराडं बांधलेलं होतं. खाली जाळी, वर कौलासारखा उतार, दाराला कडी. आव्वानं ते चारी बाजूंनी पाहिलं, कडी लावून-काढून पाहिली आणि मान हलवली. चाचा रबर काढायला लागले.

आम्ही निघालो तेव्हा खुराडं अंगणात, दार सताड उघडं, आणि सगळ्या कोंबड्या परत गाडीत!

* * *

काच काढायच्या दिवशी चाचा आधी चारी बाजूंनी काचेची कड चाचपत फिरले. मूळची काच होती. तडा गेला तर तशी दुसरी मिळणार नव्हती, आणि दोरसानी कायमची अंगणात बसली असती, बेज्जूरच्या गाडीसारखी. सुनंदानं न सांगता घरातल्या दोन गाद्या आणून बोनेटवर अंथरल्या.

चाचांनी पात्यानं जुन्या रबराची कड कापली. मग चपला काढल्या, आत गादीवर उताणे झाले, पायांना पोतं गुंडाळलं आणि तळव्यांनी काच हळूहळू बाहेर रेटायला लागले. बाहेरून मी आणि सुनंदा हात लावून उभे. प्रल्हादरावांना शिंक येत होती. त्यांनी दोन्ही हातांनी नाक दाबून धरलेलं, चेहरा वांग्यासारखा झालेला. काच सुटली, बोनेटवरच्या गादीवर अलगद टेकली, आणि मगच ते शिंकले. अशी शिंक मी उभ्या आयुष्यात ऐकलेली नाही!

रबराखालच्या खाचेत काय काय निघालं! लाल माती, वाळलेली मोहाची फुलं, आणि कापसाचे तंतू, बोटभर जाडीचा थर. बाबा याच गाडीतून भांडी घेऊन गावोगावच्या बाजारांना जायचे. कापसाच्या दिवसांत परत आले की त्यांच्या मिशीतही कापूस असायचा. आई हसायची, तेव्हा ते मुद्दाम पुसायचे नाहीत.

चाचा ब्रशनं खाच साफ करायला लागले. मी त्यांना म्हणालो, "थोडं थांबा." कशासाठी थांबा म्हणालो, ते मलाच सांगता आलं नसतं. चाचांनी ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "चाय पीते पैले."

* * *

बेज्जूरचं रबर कापून पाहायला नमुना म्हणून हैदराबादला पाठवलं होतं; नवं यायला पंधरा दिवस लागले. तोवर दोरसानी काचेविना दुकानासमोर उभी. आजाऱ्याला भेटायला यावं तशी माणसं यायची.

एक दिवस बाजाराला आलेला एक म्हातारा थांबला. डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी. त्यानं बोनेटवर हात ठेवला आणि मला विचारलं, "भांडेवाल्या शेठचीच ना ही?"

"हो. मी त्यायचा मुलगा."

"माह्या पोरीले ताप भरला होता. डोळे फिरवले होते तिनं. तुमच्या बाबानं बाजार टाकला, सारे भांडे तिथंच रस्त्यावर ठेवले अन् तिले दवाखान्यात नेलं. आता तिले तीन नातवंडं हायेत."

मी विचारलं, "भांड्यायचं काय झालं मग?"

"भांडे? आमी सारं गाव राखत बसलो ना! एक चमचा नाई गेला."

त्याला मी चहा पाजला. जाताना तो गाडीपाशी परत थांबला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "रामराम." मला नाही, गाडीला!

* * *

नवं रबर आलं. ते बसवायची एक रीत असते. रबर काचेला चढवायचं, त्याच्या खाचेतून दोरी फिरवायची, काच चौकटीत टेकवायची आणि एकानं बाहेरून दाबत असताना दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची. दोरी निघते तसतशी रबराची कड चौकटीवर चढत जाते.

सुतळी घेतली, ती तुटली. नायलॉनची घेतली, ती रबर कापायला लागली. चाचा कपाळाला हात लावून बसले. "मजबूत होना, मगर नरम होना."

सुनंदा आत गेली आणि परकराच्या नाड्याचं नवं बंडल घेऊन आली.

चाचा संकोचले. प्रल्हादरावांनी तोंड फिरवलं. सुनंदा म्हणाली, "लाजून काय राह्यले? याच्याहून भरवशाचं काई असते काय?"

खरंच, नाडा सर्रकन निघाला, न तुटता, न अडकता, आणि काच अशी बसली जशी कारखान्यातूनच आली! प्रल्हादराव वही काढायला लागले, तेव्हा सुनंदानं बजावलं, "हे नाई लिवायचं."

* * *

बाबा गेल्यापासून आई दोरसानीत बसली नव्हती. आग्रह केला की म्हणायची, "गुडघे दुखतात." पण काच बसल्यावर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं आपणहून विचारलं, "फिरवून आणतं काय मले?"

आई माझ्या शेजारी बसली, डावीकडे. मागे चाचा टॉर्च घेऊन. आपलं काम पाहिल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. घाटात पोचलो आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. चाचांनी पुढे वाकून टॉर्च मारला. डावा कोपरा कोरडा. उजवा कोरडा. "एक बूँद नै, सेठ!"

तेवढ्यात मला खांद्याला काहीतरी लागलं. आई त्या लांब गादीवरून सरकत सरकत माझ्यापाशी आली होती.

"आई, आता गळत नाई. बस तिकडं आरामात."

"हो काय?" आई म्हणाली. आणि तिथेच बसून राहिली.

मागे चाचा हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं.

"काय झालं, चाचा?"

"कुछ नै सेठ. बडे सेठ तीन बार गाडी लाये मेरे पास. इंजन खोला, ब्रेक बनाया. हर बार मैं बोला, शीशे का रबर भी डाल देतूँ. उस वखत तो मिलता था. हर बार बोले, 'मेहबूब, सब कर. शीशे कू हात नक्को लगा.'"

मी आईकडे वळून पाहिलं. "काऊन वं, आई?"

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मले काय इचारतं? समोर पाय. गाडी चालव."