काशिनाथ मेस्त्रींचा एक धड फोटो

माझा नवरा परीक्षित कुवेतमध्ये, फहाहीलला तेल कंपनीत इंजिनिअर आहे. तिथे म्हणे अर्ध्या मिनिटात निर्णय घेतो. घरी आल्यावर त्या माणसाचं काय होतं, देव जाणे.

काशिनाथ मेस्त्री म्हणजे सुतार, कुडाळकडचे. इथे जलीब भागात एका खोलीत सहाजणांत राहायचे. दर गणपतीत आमचं मखर तेच करून देत, आणि चहाशिवाय कशाला हात लावत नसत. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये काढून यंदा ते कायमचे गावी निघाले. तुम्हाला काय देऊ, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सायबांका सांगा, माझो एक धड फोटो काढा म्हणान." इतक्या वर्षांत त्यांचे फोटो निघाले ते सिव्हिल आयडीसाठी, म्हणजे इथल्या ओळखपत्रासाठी. बाप घरी नव्हता तेव्हा होता कुठे, हे पोरांना दिसावं, एवढीच त्यांची इच्छा.

आता हातात फोन होता की नाही? काढायचा आणि मोकळं व्हायचं. पण आमच्याकडे सरळ काही होईल तर शपथ. एसएलआर घ्यावा की रेंजफाइंडर, यात दोन महिने गेले. एसएलआरमध्ये लेन्समधून येतं तेच डोळ्याला दिसतं, रेंजफाइंडरची बघायची खिडकी वेगळी, हे मी पोळ्या लाटताना इतकं ऐकलंय की झोपेत सांगेन. मिरकाब बाजारातला कॅमेऱ्यांचा दुकानदार गफूर आधी याला बघून चहा मागवायचा, पुढे तोही मागवेना.

"रेंजफाइंडर लहान असतो गं लीना. समोरचा माणूस मोकळा राहतो."

"मेस्त्रींना मोकळं राहायला वेळ कुठाय? शुक्रवारी विमान आहे त्यांचं."

गुरुवारी एकदाचा रेंजफाइंडर घरात आला. शुक्रवारी सकाळी दोघं समुद्रावर गेले. मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रंधा धरून उभे राहिले. यानं चाळीस फोटो काढले आणि एकही काढल्यावर बघितला नाही. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा मुद्दाम बंद. पडद्यावर बघत बसतात ते म्हणे हौशी. तिथूनच मेस्त्रींना विमानतळावर सोडून आला.

दुपारी फोटो लॅपटॉपवर घेतले. चाळीसच्या चाळीस काळे. लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं. एसएलआर असता तर डोळा लावताच अंधार दिसला असता. याला आपला खिडकीतून समुद्र, मेस्त्री, रंधा, सगळं लख्ख. मी कपाळाला हात लावला. इतका राग आला होता की रडू आलं.

हा तोंड पाडून बसला, म्हणून फोन मीच केला. मेस्त्री तपासणी ओलांडून आत गेले होते. मी कसंबसं सांगितलं.

"वहिनीनू, ता झाकण माका दिसत होता," ते म्हणाले. "पण सायब इतके शिकलेले. म्हटलंय, ह्या नव्या कॅमेऱ्याचा तसाच असात. म्हणान मी हसत रवलंय."