चार सूत कमी

सूतमामा नव्या माणसाकडे बघायचे ते डावा डोळा बारीक करून. पट्टी सरळ आहे की वाकडी हे कारागीर बघतो तसं. मग हळूच निकाल द्यायचे, "बरा आहे. एक सूत कमी आहे."

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये फिटर होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यांच्या धंद्यातलं रोजचं माप. पण मामांनी ते घरीदारीही लावलं होतं. आमटीत मीठ एक सूत जास्त व्हायचं. धाकट्या मुलीला सांगून आलेला मुलगा "चांगला आहे, फक्त बोलायला दोन सूत जास्त" ठरला. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मामा सुतावरून माणूस गाठायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्ही ते कधी वापरलं नाही.

रविवारी पालेगावच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरापुढे, पत्र्याच्या शेडखाली, मोटारसायकली उभ्या असायच्या. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नव्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या होत्या आणि कोणती घ्यावी हे मामांना विचारल्याशिवाय आमच्या भागात कोणी घेत नसे. मामा म्हणायचे, "तीन गोष्टी बघायच्या. गाडीत दम किती, गाडी दगा किती देते, आणि चालवणाऱ्याचा हात किती. पहिल्या दोन गाडी खोलली की कळतात. तिसऱ्यासाठी माणूस चालवून बघावा लागतो."

माणूस चालवून बघायचा म्हणजे मामा मागे बसणार आणि तुम्ही त्यांना खरवईच्या वळणापर्यंत नेऊन आणणार. काट्याकडे ते बघतसुद्धा नसत. वळण दिसल्यावर तुम्ही ॲक्सिलेटरची मूठ कधी सोडता, एवढंच त्यांना हवं असे. एका हायस्कूलच्या मास्तरांना धडधडणारी जड गाडी हवी होती. मामा एकदा त्यांच्या मागे बसून वळणापर्यंत जाऊन आले आणि त्यांना स्कूटर घ्यायला लावली. मास्तर महिनाभर फुगून होते, नंतर त्याच स्कूटरवरून मामांकडे पेढे घेऊन आले.

मी बावीस वर्षांचा होतो आणि एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नुकताच लागलो होतो. मला साडेतीनशे सीसीची गाडी हवी होती. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, आणि सुटली की हातात राहत नाही अशी ख्याती. बदलापूरला एकाची विकायची होती. मामांनी ती चालू केली, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं. मग मागे बसून मला वळणापर्यंत नेऊन आणायला लावलं.

"दम भरपूर आहे," ते म्हणाले. "दगा नाही देणार, पण पार्टसाठी वणवण करशील. तू शंभर सीसीची घे. हलकी आहे, पळते पण, आणि कुठंही बंद पडली तर कोणीही चालू करून देतो."

"आणि माझा हात?"

"चार सूत कमी आहे."

मला ते फार लागलं. घरी येऊन मी दोन दिवस आईशी बोललो नाही, जेवलोही नाही. वडील नव्हते आणि मी एकुलता एक, त्यामुळे माझा हट्ट आईवर चालायचा. तिसऱ्या दिवशी ती उठून मामांकडे गेली. मी तिच्या मागोमाग जाऊन त्यांच्या दाराशी उभा राहून ऐकत होतो.

"भाऊ, तो काय ऐकायचा नाही," ती म्हणाली. "घेऊ दे त्याला. पण मी त्याला तुमच्यावर सोडलाय. माझं दुसरं कोण नाही."

मामांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "ठीक आहे ताई. गाडी आली की पंधरा दिवस माझ्याकडं राहू द्या."

पंधरा दिवसांनी गाडी हातात आली. मूठ अर्धीच फिरत होती. मी विचारलं, तर म्हणाले, "हिची एवढीच फिरते." दुसरी साडेतीनशे मी कधी चालवलेली नव्हती, त्यामुळे पटलं. पण बदलापूरच्या रस्त्यावर माझ्याच मित्राच्या शंभर सीसीने मला मागे टाकलं आणि वर वळून हातही केला. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "गाडी अजून बसायचीय."

माझा संशय ॲक्सिलेटरच्या केबलवर होता. ती मामांनी उल्हासनगरला कॅम्पातल्या एका सिंधी सेठच्या दुकानातून आणलेली होती, आणि उल्हासनगरचा माल म्हटलं की डुप्लिकेट, हे आम्ही तपासून न बघताच धरून चालायचो. मी दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत सेठला नाही नाही ते बोललो. सेठ शांतपणे म्हणाला, "साईं, केबल मेरा बराबर है. गाडी जिसने खोली, उसको पूछ."

हा पराक्रम मी मामांना ऐटीत सांगितला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात धुतले, शर्ट घातला आणि रिक्षा करून एकटेच उल्हासनगरला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या जाऊन माफी माग. केबल चांगली आहे." मी गेलो आणि तोंड वाकडं करून माफी मागितली. सेठने चहा पाजला. तो गालातल्या गालात हसत होता, त्याचाही मला राग आला.

दसऱ्याला सगळे आपापल्या गाड्या मामांकडे आणायचे. मामा बौद्ध, ते पूजा करत नसत. "हार तुम्ही घाला, मी तेल घालतो," म्हणायचे. माझी गाडी मात्र ते घरात घेऊन दार लावून घ्यायचे. दर दसऱ्यानंतर ती आदल्या वर्षीपेक्षा मोकळी पळायची आणि मूठही जरा जास्त फिरायची. गाडी लोणच्यासारखी मुरते, असं मी लोकांना छातीठोकपणे सांगत असे.

पहिल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. खरवईच्या वळणावर मी मूठ जाईल तेवढी पिळून आलो, आणि आडवाटेने विटांनी भरलेला टेम्पो रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. मागचं चाक घसरलं, गाडी तिरकी झाली आणि टेम्पोच्या अलीकडे थांबली. संध्याकाळी मी मामांना माझ्या ब्रेकची तारीफ ऐकवली. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

"अंतर किती राहिलं?"

"वीतभर."

"बहात्तर सूत," ते पुटपुटले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही काम केलं नाही.

तिसऱ्या दसऱ्यानंतर काही महिन्यांनी मामा रिटायर झाले आणि साताऱ्याकडच्या आपल्या गावी निघाले. सामानाचा टेम्पो उभा होता. मी जय भीम केला. त्यांनी डावा डोळा बारीक करून मला बघितलं आणि म्हणाले, "एक सूत राहिलंय रे." मी हसलो. जाता जाता चेष्टा करतायत असं मला वाटलं.

दीड वर्षाने ते गेल्याचं कळलं. त्यानंतर कधीतरी माझ्या गाडीची केबल तुटली. मामा नव्हते, म्हणून मी त्या सेठच्या दुकानाशेजारच्या मिस्त्रीकडे गाडी टाकली. त्याने कार्बोरेटर उघडले आणि दोन्हींमधून एकेक पितळी कडी काढून माझ्या हातावर ठेवली. "ये क्या है? इसके वजह से तो मूठ पूरी घूमती नहीं." कडीची एक कड कानशीने घासलेली होती, पण इतकी सफाईने की बोटाला लागू नये. मी तिच्यावर पट्टी धरली. बरोबर एक सूत होती.

सेठ गल्ल्यावरून उठून आला. "साईं, तू झगड़ा करके गया, वो उसी दिन आके मुझे बोला था," तो म्हणाला. "चार सूत का डाला था. बोला, माँ को जबान दी है, हर दसरे को एक सूत काटूंगा. मेरे को बोला, लड़के को बताना नहीं."

मला तो विटांचा टेम्पो आठवला. मूठ पूर्ण फिरली असती तर वीतभर अंतर राहिलं नसतं. ज्या दुकानात मी तोंड सोडलं होतं, त्याच दुकानात मी उभा राहून रडलो. सेठने मला बसायला स्टूल दिलं आणि गिऱ्हाइकांकडे वळला.

मिस्त्रीने विचारलं, "निकाल के फेंक दूँ?"

मी त्याला त्या होत्या तशा परत बसवायला सांगितल्या. माझा हात पुरा झाला की नाही, हे मामांनी अजून सांगितलेलं नव्हतं.