पाठमोऱ्या महालक्ष्म्या

आमचं घर म्हणजे एरंडोल तालुक्यातल्या एका गावातली पत्र्याची एक खोली. श्रावण लागला की त्या खोलीत आम्ही तिघं आणि डोकं नसलेल्या बारा-चौदा बाया राहायचो.

आबा, म्हणजे माझे वडील, जळगावला डाळ मिलमध्ये पोती वाहायचे. मी चौथीत असताना थप्पीवरून पोतं अंगावर आलं आणि त्यांची पाठ कायमची गेली. तेव्हापासून घर मायच्या हातावर चाललं. माय भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची धडं करायची. मुखवटे ज्याचे त्याच्या घरी असतात, पितळेचे नाहीतर शाडूचे. त्यांना उभं राहायला अंग लागतं, ते अंग माय करायची. आबा बसल्या बसल्या बांबूच्या कामट्या काढून द्यायचे. माय त्या सुतळीने आवळून कंबर, पोट, खांदे बांधायची, वरून जुन्या गोधड्यांतला कापूस आणि मांजरपाटाची शिलाई. हात वेगळे शिवायचे, पाची बोटांसकट. मान म्हणजे वर आलेली एक खुंटी.

जागा नसल्यामुळे धडं भिंतीला लावून उभी असायची. शाळेतून आल्यावर मी त्यांच्यामध्ये बसून अभ्यास करायचे. दुपारी आबांना डुलकी लागली आणि माय पाण्याला गेली की खोलीत कोणीच नसायचं, आणि खोली भरलेली असायची. पावसाळी हवेत बांबू कुरकुरतो. एखाद्या कोपऱ्यातून कोणी अंग मोडल्यासारखा आवाज यायचा. मी वर बघायचे नाही. बेरजा करत राहायचे.

हे काम मायला जमलं ते काकूमुळे. काकू म्हणजे आबांच्या मोठ्या भावाची, नानांची, बायको. तिला मूलबाळ नव्हतं. गावात ती उठून दिसायची, इतकी उंच. लहानपणापासून डाव्या हाताने पाणी वाहून तिचा डावा खांदा थोडा खाली आला होता. मायने पहिलं धड बांधलं तेव्हा माप कुठून घ्यायचं हा प्रश्न पडला. काकू म्हणाली, माझं घे. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मायने एका सुतळीला गाठी मारल्या. पहिली गाठ कंबरेची, दुसरी काखेची, तिसरी नि चौथी दोन्ही खांद्यांच्या. काकू अधूनमधून हलायची आणि माय ओरडायची, "देवी हलत नसते, जिजी." काकू म्हणायची, "देवीला डास चावत नसतील."

मी पाचवीत असताना महालक्ष्म्या येण्याच्या दिवशी काकू गेली.

आमच्याकडे मोठी सून मुखवटा घेऊन बाहेरून येते आणि धाकटी आतून विचारते, कोण आली. बाहेरची म्हणते, महालक्ष्मी आली. माय आत दिवा लावत होती, तिची दाराकडे पाठ होती. तिने विचारलं, "कोण आली?" उत्तर आलं नाही. तिने परत विचारलं. मी दारातच उभी होते, म्हणून हे मला माहीत आहे. काकू उंबऱ्यावर खाली बसली होती, मुखवटा मांडीत घेऊन, आणि तिचे डोळे उघडे होते. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय.

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण खोटा होतो. मग तो करायचा नाही. पुढे कधी नेमक्या त्याच दिवशी भावकीत मूल जन्मलं किंवा गोठ्यात वासरू झालं, तरच सण परत सुरू होतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. नाना दोन महिन्यांत गाव सोडून दोंडाईच्याकडे एका शेतावर राखणीला गेले. जाताना मुखवट्यांची पेटी घेऊन गेले. थोरल्याकडे मुखवटे राहतात, त्यामुळे कोणी काही म्हणालं नाही. राखणीसोबत त्यांनी एक गाय पाळली. आबांना मूल मी एकटीच, नानांना कोणी नाही. तेव्हा आमची सगळी आशा त्या एका गायीवर होती.

मायला दुसरं काही मागायचं नव्हतं. गावभरच्या महालक्ष्म्या तिच्या हाताने उभ्या राहायच्या आणि तिच्या स्वतःच्या घरात त्या तीन दिवसांत वरण-भात शिजायचा. तरी ती दरवर्षी दोन धडं जास्तीची करायची. त्यांना तिच्या लग्नातलं लुगडं आणि काकूचं एक हिरवं पातळ नेसवायची. दोन्ही मुखवट्यांविना कोपऱ्यात उभी राहायची. येण्याचा दिवस संध्याकाळपर्यंत वाट बघायची. दोंडाईच्याहून फोन यायचा नाही. मग तिसऱ्या दिवशी, लोकांच्या महालक्ष्म्या जायच्या वेळी, माय शिलाई उसवून कापूस मोकळा करायची. आधी बोटं उसवायची.

त्या दोघींचं एक होतं, ते सांगते. पहिल्या दिवशी माय त्यांना दाराकडे तोंड करून उभं करायची. तोंड म्हणजे छातीची बाजू. दुसऱ्या दिवशी हिरव्या पातळाची थोडी वळलेली असायची, भिंतीकडे. दरवर्षी तीच, आणि त्याच बाजूला. आबा म्हणायचे, ओला बांबू पीळ खातो. मी आज शिकलेली आहे आणि मला आबांचं पटतं. पण मग दुसरी का वळत नव्हती, हे आबांनी कधी सांगितलं नाही.

बारावीनंतर मी जळगावला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, हे मी मुद्दाम लिहिते. सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी, आणि कामात शिस्त मी आणली. आधी धडं पोचवताना गोंधळ व्हायचा, एकीचे हात दुसरीला जायचे. मी प्रत्येक धडाच्या आतून पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली. तिच्यावर घर, जोडीतली ज्येष्ठा की कनिष्ठा, डावा हात, उजवा हात. घरोघरी एक कागद द्यायला लागले, सण झाल्यावर काय कसं ठेवायचं त्याचा. हात वेगळे काढून जुन्या उशीच्या अभ्र्यात, दागिने डब्यात, धडाच्या पोटात कडुनिंबाचा पाला, आणि पेटीवर बाहेरून यादी. बायांना ते फार आवडलं. मोबाइलवर फोटो फिरले आणि जळगावच्या कॉलन्यांतून मागणी येऊ लागली. बाजारात लोखंडी स्टँड मिळतात, पण बाया म्हणायच्या, तुझ्या मायच्या धडावर पातळ माणसासारखं बसतं.

दुसऱ्या वर्षाला असताना एका वकिलीण बाईंनी मला जेवायला बोलावलं. मी पोचले तेव्हा भर दुपार होती. घरातले सगळे मागे स्वयंपाकात होते. पुढच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या होत्या आणि सुटलेला पदर लावायला एकीला फिरवून ठेवलं होतं. तिची माझ्याकडे पाठ होती.

काकू उभी होती.

अंबाडा नव्हता, डोक्यावरून पदर होता. पण ती उंची आणि तो खाली आलेला डावा खांदा. एक पाय पुढे टाकायच्या आधी काकू जशी थांबायची, तशी. मी दारातच उभी राहिले. घरातून पुरणाचा वास येत होता आणि आत बाया हसत होत्या. मग वकिलीण बाई आल्या, त्यांनी तिला धरून फिरवलं आणि पितळेचा मुखवटा माझ्याकडे बघायला लागला.

मी घरी येऊन मायला विचारलं, तू काकूचा खांदा करतेस का. माय कात्रीने दोरा तोडत होती. म्हणाली, "सुतळी तीच आहे. डावीकडची गाठ खाली आहे. मी काय करू?" मी म्हटलं, नवी सुतळी घे. तिने सांगितलं की काकू गेली त्याच्या पुढच्या वर्षी तिने माझ्या आत्याच्या मापाने एक धड करून पाहिलं होतं. निऱ्या बसेनात, पदर घसरायचा. गिऱ्हाइकाने परत आणून दिलं. तेव्हापासून तिने तो नाद सोडला.

पट्ट्यांवरची नावं मी एका वहीत उतरवून ठेवायचे, तिच्यावरून हिशेब लावला. जळगावात आणि एरंडोलात मिळून चाळीसच्या वर घरं. येण्याच्या दिवशी चाळीस घरांत काकू दारातून आत येते, तीन दिवस राहते आणि जाते. एका आमच्याच घरात येत नाही. त्यानंतर सणात मी कोणाकडे जेवायला गेले तर समोरच्या बाजूने जायचे.

मी बी.कॉम. झाले. ठिबकच्या पाइपांच्या एका कारखान्यात मला ऑफिसात काम लागलं आणि मी जळगावला खोली घेतली, एका निवृत्त मास्तरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. त्याच साली नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांना ऑपरेशनला न्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते दोंडाईच्याहून रेल्वेने माझ्याकडे आले. दवाखान्याने दिलेली तारीख महालक्ष्म्यांच्या दिवसांत आली. नाना ते तीन दिवस शेताबाहेर पडायचे नाहीत, एवढं मला माहीत होतं. पण तारीख माझ्या हातात नव्हती. मी त्यांना मुद्दाम आणलं असं नंतर भावकीत बोललं गेलं, ते खोटं आहे.

पूजेच्या दिवशी दुपारी त्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. रिक्षातून येताना ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते, लहान मुलासारखे खूश होते. मास्तरांच्या घरातूनच वर जायचा जिना. मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, आजोबांना घेऊन ये, प्रसाद घ्या. त्यांच्या महालक्ष्म्या आमच्याच होत्या. मांडणी खिडकीपाशी होती आणि जिन्याकडून जाताना त्यांची पाठच दिसायची.

नाना थांबले. नव्या डोळ्याने बघत राहिले. मग अगदी हळू, मला नाही, स्वतःलाच म्हणाले, "ती आठे काय करी ऱ्हायनी?" ती इथे काय करते आहे.

मी म्हटलं, नाना, मायने केलेलं धड आहे ते. त्यांनी ऐकलं नाही. ते दोन पावलं पुढे गेले, हात थोडा उचलला आणि परत घेतला. मास्तरीणबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी नानांना जिन्याच्या पायरीवर बसवलं. ते घामाने भिजले होते. मग बोलले.

"वासरू जलमनं व्हतं. आवाहनना दिनच. दोन साल व्हयनात. मी कोणले सांगं नही."

म्हणजे नेमक्या येण्याच्या दिवशी नानांच्या गायीला वासरू झालं होतं. दोन वर्षांपूर्वी सण मोकळा झाला होता आणि मायने त्यानंतरही दोन वेळा बोटं उसवली होती. मला राग आला. मी विचारलं, का नाही सांगितलं.

"ती येई, तीन दिन ऱ्हाई नि परत जाई. मी परत देखू काय ते?"

काकूचं जाणं त्यांना दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. मी फक्त म्हटलं की मायला मी सांगणार. ते म्हणाले, सांग. आणि मुखवटे? ते म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले.

मायला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत राहिली, घासलेलीच परत. आबा नानांना शिव्या देत होते, तर त्यांनाच म्हणाली, गप बसा. वर्षभर दोंडाईच्याहून निरोप नाही. मी दोनदा फोन केला. नानांनी पावसाचं विचारलं, आबांच्या पाठीचं विचारलं, आणि ठेवला. माय श्रावणात कामाला बसली आणि मागणी संपल्यावर दोन धडं जास्तीची बांधली. मी म्हटलं, नाही आणले तर. ती म्हणाली, मग उसवीन, हाताला सवय आहे.

येण्याच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून होतं. दोघी कोपऱ्यात उभ्या होत्या. हिरव्या पातळाची दाराकडेच तोंड करून होती, अजून वळली नव्हती. ते मी चार वेळा बघितलं. दुपारची एसटी गेली, कोणी उतरलं नाही. चारच्या सुमाराला नाना चालत आले, फाट्यापासून, डोक्यावर पेटी घेऊन.

माय त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. जेठापुढे डोक्यावरून पदर, आणि जे सांगायचं ते माझ्या तोंडून. त्या दिवशी तिने पदर घेतला, पण बोलली तीच. "दोन साल मी फुकट उसवत ऱ्हायनू, नाना."

नाना खाली बघत म्हणाले, "माले माहीत शे."

पेटी आबांनी उघडली. आम्हाला वाटलं होतं पितळ काळं पडलेलं असेल. मुखवटे लखलखत होते. डोळ्यांत काजळ होतं, आणि ते ताजं होतं, बोटाला लागलं. इतकी वर्षं त्या शेतावरच्या झोपडीत नानांनी काय केलं असेल, हे मी विचारलं नाही. मायने मुखवटे घेतले आणि बाहेर गेली. मी आतून विचारलं, कोण आली, ती म्हणाली, महालक्ष्मी आली, आणि आत येऊन तिने हिरव्या पातळाच्या खुंटीवर पहिला मुखवटा चढवला. नाना भिंतीला टेकून बसले. तीन दिवस त्यांनी जागा बदलली नाही. तिथेच जेवले, तिथेच पडून राहिले, आणि पाठमोरं कोणाला होऊ दिलं नाही. पदर नीट करायला मायने एकीला जरा फिरवलं तर म्हणायचे, राहू दे. तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवायची वेळ आली तेव्हा ते उठले आणि त्यांनी स्वतः उतरवले.

अशा रीतीने बारा वर्षांनी आमच्या घरी महालक्ष्म्या आल्या, जेवल्या आणि गेल्या. त्यानंतर एकही वर्ष चुकलेलं नाही.