फाटकापासून शंभर पावलं

ऑफिसात तिला सगळे पाऊलबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की पाऊलबाई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. उद्यान विभागात बत्तीस वर्षं बागांचे आराखडे काढताना तिनं टेप क्वचितच हातात धरली. तिचं एक पाऊल म्हणजे सत्तर सेंटिमीटर, ही काळ्या दगडावरची रेघ. ती ओठ मिटून जागेवरून चालत जायची, एक आकडा सांगायची आणि आरेखक तो निमूट कागदावर उतरवायचा. नवीन आलेले एकदा तरी मागून टेप लावून बघत, मग तेही लावेनासे होत.

आता निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि तिला कशाचाच उत्साह नव्हता. बत्तीस वर्षांत तिनं एकोणीस बागा आखल्या. त्यातल्या चार रस्त्याखाली गेल्या, एकीत पाण्याची टाकी उभी राहिली, दोन ठिकाणी सावलीची झाडं तोडून दिव्यांचे खांब आले. सुरुवातीला ती भांडायची. मग टिपण लिहायची. अलीकडे नुसतं "बरं" म्हणायची आणि गुडघा चोळत बसायची.

जाता जाता शेवटचं काम गळ्यात पडलं, ते तिच्या पहिल्याच बागेचं. नूतनीकरण. ही बाग तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. पंचविशीत केलेलं काम, त्यामुळे त्यात थोडा तोरा होता. फाटकातून तळं दिसायचं नाही. वाट झाडांमधून वळत जायची आणि शेवटच्या वळणावर एकदम पाणी समोर यायचं. पहिलं बाक तिथं, पाण्याकाठी. चालेल त्याला बक्षीस, असा हिशेब.

ती फाटकापासून चालायला लागली. बाकापाशी पोचली तेव्हा आकडा झाला एकशे सत्तावीस. जुन्या आराखड्यावर तिच्याच अक्षरात होतं, शंभर.

"बाक कुणी हलवलं?" तिनं माळ्याला फैलावर घेतलं.

"बाई, सिमेंटात रोवलेलं आहे ते. कुठं जाणार बिचारं?"

"मग सत्तावीस पावलं वाढली कशी?"

बरोबर आलेल्या आरेखकानं पिशवीतून टेप काढली आणि फाटकापर्यंत धरत नेली. बरोबर सत्तर मीटर. बाक होतं तिथंच होतं. पाऊल आखडलं होतं, आणि कधी आखडलं ते तिला कळलंसुद्धा नव्हतं. आरेखकानं टेप गुंडाळायला नको तेवढा वेळ लावला. ती बाकावर बसून राहिली. पाणी समोर होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर ताईनं विचारलं, "काय गं, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोघीच राहायच्या. चार महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. रोज थोडं चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज दुपार कलली की ताई काठी घेऊन निघायची, भिंतींना धरत, दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बागेच्या फाटकापर्यंत जायची आणि तिथूनच परत फिरायची. आत गेलं तर पहिल्या बाकापर्यंत टेकायला जागाच नाही, आणि मध्येच पाय गळाले तर उचलणार कोण?

"तुझी बाग छान आहे हो," ताई म्हणायची. "लांबून."

ताई हे हसत म्हणायची, म्हणून ते जास्त लागायचं. ज्या ताईचं बोट धरून ती चालायला शिकली, तिलाच बसायला जागा नाही अशी बाग तिनं करून ठेवली होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिला स्वतःच्या पंचविशीचा राग आला. चालेल त्याला बक्षीस म्हणे! मोठी आली शहाणी!

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. साहेब वयानं तिच्या निम्मे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांना फाटकाशी बागेच्या नावाची चकाकणारी अक्षरं हवी होती.

"साहेब, फाटकाजवळ एक बाक हवं."

साहेबांनी फाईल उघडली. "बाई, पण हे तुम्हीच लिहिलंय. 'फाटकापासून शंभर पावलांच्या आत बाक नसावे. दारातच बसायची सोय केली की लोक आत येत नाहीत.' किती सुंदर लिहिलंय! आणि हे मंजूर टिपण. बदलायचं तर समितीपुढे जावं लागेल. चार महिने धरा."

आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला? ती उठली. दारापर्यंत गेली, नेहमीसारखं "बरं" म्हणायला वळली आणि थांबली.

"साहेब, मी मीटर लिहिलंय का पावलं?"

"पावलं."

"कुणाची, ते लिहिलंय?"

साहेबांनी पुन्हा वाचलं. मग हसले. "घ्या मोजून, कुणाची हवी त्यांची. फक्त शंभर भरली पाहिजेत, बाई. उद्या कुणी विचारलं तर फाईलमध्ये शंभर दिसायला हवीत."

"भरतील," ती म्हणाली. पाऊलबाईनं आकडा सांगितला की तो खरा, हे साहेबांनाही माहीत होतं.

पुढच्या दिवशी ती ताईला रिक्षानं फाटकाशी घेऊन आली. आरेखक खुंटी आणि हातोडी घेऊन हजर होता. माळ्यानं वाटेवरची पानं झाडून ठेवली होती.

"मला कशाला गं या भानगडीत?" ताई कुरकुरली.

"सरकारी काम आहे. नुसतं चाल. दमलीस की सांग."

ताई चालू लागली. काठी, उजवा पाय, डावा पाय. एकेक पाऊल जेमतेम फूटभर. बाई शेजारून चालत होती, हात पुढे करून, पण धरत नव्हती. मागून आरेखक मोजत येत होता, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं तीही ओठ मिटून मोजत होती. वीस. तीस. पंचेचाळीसला ताई थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. गुलमोहराच्या सावलीत आल्यावर तिचे पाय थरथरायला लागले. काठीवर दोन्ही हात ठेवून ती उभी राहिली.

"बस्स. आता नाही."

त्रेसष्ट. आरेखकाच्या ओठांवरही तोच आकडा होता. त्यानं बाईंकडे पाहिलं. पावलाची चूक झाली म्हणून याच बाईंनी त्याला एकदा भर उन्हात अख्खं मैदान पुन्हा मोजायला लावलं होतं.

"इथं ठोक," ती म्हणाली.

तो क्षणभर घुटमळला. मग खाली बसला आणि खुंटी ठोकली. माळ्यानं आपलं स्टूल पळत आणून ताईच्या मागं ठेवलं. ताई बसली, पदरानं तोंड पुसलं, वर झाडाकडे बघितलं, मग मागं वळून फाटकाकडे बघितलं. ते तिला बरंच लांब वाटलं असावं.

"किती झाली गं?"

तिनं आराखड्याची गुंडाळी उघडली, हातावर धरली, पेन काढलं. आयुष्यात तिनं खोटं माप लिहिलं नव्हतं.

"शंभर," ती म्हणाली आणि तेच लिहिलं.

"शंभर?" ताईचे डोळे मोठे झाले. "अगं, डॉक्टर म्हणाले होते न टेकता पन्नासच्या पुढं यंदा जमायचं नाही. त्यांना सांग हं. तू मोजलीस म्हणून सांग."