एकाच मापाच्या दोन पेट्या

देवदारी खोक्याच्या फळीवरून करवत फिरू लागली, की भुशातून एक वास सुटतो. थोडा राळेचा, थोडा लिंबाच्या सालीचा, आणि थोडा अशा कुठल्यातरी दूरच्या थंड अरण्याचा, जे आपण कधी पाहिलेलं नसतं आणि पाहणारही नसतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक अख्खा हिवाळा माझ्या तारापूरच्या क्वार्टरमध्ये हा वास दरवळत होता. आज एखाद्या सुताराच्या दुकानावरून जाताना तो नाकात शिरला, तर इतर लोकांप्रमाणे मला लाकूड आठवत नाही, माझा मत्सर आठवतो. आणि मत्सर आठवला की, खोटं कशाला बोलू, अजूनही कान तापतात.

मी तेव्हा अणुवीज प्रकल्पात नकाशे काढायचं काम करत असे. वसाहत नवी, रस्ते नवे, झाडं तर इतकी नवी की त्यांची सावली त्यांनाच पुरत नसे. पत्नी सुधा मिरजेला. तिथे तिची शाळेतली नोकरी आणि गाण्याची शिकवणी. दोन वर्षांत ती एकदाच आली, दिवाळीला, चार दिवस. जाताना बोईसर स्टेशनवर तिने सहज विचारलं होतं, "इथं संध्याकाळी माणसानं करायचं काय हो?" दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने या प्रश्नाचा अर्थ नीट लावला असता. मी पडलो नकाशे काढणारा. मला प्रत्येक प्रश्नाला माप असतं असं वाटे. सुधाला गाणं प्रिय, इथे गाणं नाही, म्हणजे गाण्याची सोय केली की ती इथे राहायला येईल. किती सरळ रेषा! त्या संध्याकाळीच मी ठरवलं, की आपल्या बैठकीच्या खोलीत असा ध्वनिवर्धक उभा करायचा, की मिरजेच्या माणसानेही मान डोलवावी.

तयार ध्वनिवर्धक माझ्या आवाक्याबाहेरचे होते; पण मुंबईत सुटे भाग मिळत. गोल कर्णे, म्हणजे स्पीकर, तारेचं वेटोळं, जाळीचं कापड आणि लाकडी पेटी कशी बनवायची याचा छापील नकाशा, असा सगळा संच एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून देत. पेटी आपण करायची, तारा आपण जोडायच्या, आणि ती घरातल्या रेडिओच्या पाठीमागे लावायची. मी निघालो तेव्हा आमच्या भांडारातला जनार्दन राऊत म्हणाला, "मी पन येतो. आमच्या आळीत वीज आलीय, आईला भजनं ऐकायची हायेत." जनार्दन माकुणसार गावचा. रोज गाडीने बोईसरला येई आणि डब्यात इतकं आणी, की माझा डबा मला उघडावासा वाटत नसे. त्याचा हेवा मला तेव्हापासूनच वाटत होता का? असावा. पण वांग्याच्या भाजीवरून वाटणाऱ्या हेव्याला माणूस हेवा म्हणत नाही, भूक म्हणतो.

दुकानदाराने दोन संच समोर मांडले. एकात बारा इंची एकच मोठा कर्णा, धीरगंभीर आवाजाचा. दुसऱ्यात आठ इंचांचा एक आणि त्याच्या जोडीला बारीक सुरांसाठी तळहाताएवढा आणखी एक. "खोली कशी आहे?" त्याने विचारलं. मी खिशातून खोलीचा नकाशाच काढला. दहा बाय बारा, खिडकी पूर्वेला, दार दक्षिणेला. तो हसला आणि त्याने दोन्ही संच वाजवायला जोडले. अर्धा तास मी दोन्ही कर्णे आलटून पालटून ऐकले, नकाशे उलटसुलट पाहिले, आणि शेवटी आठ इंची जोडी पसंत केली. जनार्दनने क्षणभरही विचार केला नाही. "तुमी घेतला तोच मला द्या," म्हणाला. हे ध्यानात असू द्या. निवड माझी होती, अक्कल माझी होती. तो माझ्या मागून आला होता.

यंत्रसामग्री ज्यातून आली ती भंगारात काढलेली देवदारी खोकी आम्ही दोघांनी मिळवली. मी तीन महिने राबलो. फळ्या आरशासारख्या घोटल्या, सांधे असे बसवले की त्यात पत्त्याचं पान जाऊ नये, आणि नकाशातल्या मापात केसाचाही फरक होऊ दिला नाही. पेटीच्या आत अस्तर लागतं. त्यासाठी जनार्दनच्या आईने आपल्या वाडीतल्या सावरीचा कापूस आम्हा दोघांना सारखा वाटून दिला. दर आठवड्याला मी सुधाला प्रगती कळवत होतो. आज बाजू बसल्या, आज पॉलिश झालं, आज तारा जोडल्या. तिची उत्तरं दिवसेंदिवस आखूड होत चालली होती, पण माझं तिकडे लक्ष कुठे होतं?

आणि मग एके संध्याकाळी मी रेडिओ सुरू केला. आवाज आला, स्वच्छ आला, मोठा आला. पण गाणाऱ्या बाईच्या प्रत्येक स्वराला मागून एक पत्र्याचं शेपूट फुटत होतं. तबल्याचा बोल भिंतीवर आपटून परत येई आणि पुढच्या बोलाच्या अंगावर पडे. मी पेटी कोपऱ्यात ठेवली, खिडकीखाली ठेवली, विटांवर चढवली. काही केल्या खोली गाणं गिळायला तयार होईना. तरीही मी स्वतःला समजावलं, की असल्या संचातून याहून चांगलं काही निघत नसणार.

त्या रविवारी जनार्दनकडे जेवायला गेलो. केळीच्या बागेपलीकडे त्याचं कौलारू घर, शेणाने सारवलेली ओटी, आणि आतल्या खोलीत भाताची पोती, गोधड्यांची चळत, दोन भाऊ, दोन भावजया, त्यांची चिल्लीपिल्ली, आणि मध्यभागी टोपल्या विणत बसलेली त्याची आई. त्याची पेटी पाहून मला मनातल्या मनात बरं वाटलं. एक बाजू तिरकी, सांध्यांच्या फटी पुट्टी भरून बुजवलेल्या, पॉलिशचा पत्ता नाही. मग त्याने बटण फिरवलं. वाचकहो, काय सांगू? तोच कर्णा, तेच कापड, तोच कापूस. आणि गाणं असं उतरलं, की ते पेटीतून येतंय हेच मी विसरलो. स्वर खोलीत येऊन निवांत बसत होता, घरचं माणूस बसतं तसा. सगळ्यांच्या माना हलत होत्या. माझी मात्र हलेना. आणि मडक्यात भाज्या लावून केलेल्या उकडहंडीतल्या वालाच्या शेंगा, ज्यांच्यावर मी एरवी तुटून पडलो असतो, त्या दिवशी तशाच पानात ठेवून मी उठलो.

मत्सराला अंगभूत अशी एक बुद्धी असते, आणि ती भलतीच कामसू असते. पुढचे आठ दिवस ती माझ्याकडून राबवून घेत होती. दुकानदाराने मला सदोष कर्णा दिला असेल का? जनार्दनने गुपचूप नकाशा बदलला असेल का? भांडारातून काही चांगली तार त्याने लांबवली असेल का? ज्याने मला विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकला नव्हता, त्या मित्राविषयी मी हे सगळं मनात आणलं, आणि आणताना मला जराही लाज वाटली नाही. माणूस हरतो त्याचं दुःख सोसता येतं. पण आपलीच अक्कल उसनी नेऊन दुसरा जिंकला, हे कसं सोसायचं?

पुढच्या रविवारी मी पुन्हा माकुणसारला. जनार्दन वाडीत पाणी लावायला गेला होता. मी संधी साधून पेटी फिरवली, खिशातला पेचकस काढला आणि मागची फळी सोडवली. आत काय होतं? तोच कर्णा, तेच वेटोळं, आणि आमच्या दोघांचा तोच पांढरा कापूस. मागे वळलो तर दारात त्याची आई उभी.

"काय हरवला, भाऊ?" तिने विचारलं.

खोटं बोलणं शक्य होतं. पण हातात पेचकस घेऊन कोण कितीसं खोटं बोलणार? "काकी, तुमची पेटी माझ्यापेक्षा गोड वाजते," मी म्हणालो. "मला ते सोसत नाही."

ती रागावली नाही. म्हणाली, "मंग तुमची हितं घेऊन या. बघूया तं खरा."

आणली. कांबळ्यात गुंडाळून, गाडीच्या दारात बसून, सफाळे स्टेशनापासून बैलगाडीने. त्यांच्या खोलीत माझी पेटी लावली, आणि ती गायला लागली. शेपूट नाही, पत्रा नाही. जनार्दनच्या पेटीपेक्षाही कांकणभर सरस. तिच्या घोटीव अंगावर जनार्दनने कौतुकाने हात फिरवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा मत्सर आता दुप्पट झाला. माझ्या हातची पेटीसुद्धा यांच्याच घराला फितूर झाली होती. मी पेटीच्या तारा सोडवायला लागलो. तेव्हा हातातली टोपली खाली ठेवून काकी म्हणाली,

"पेटी शानी हाय तुमची. तिला काय नाय झाला. पन घरात कोन नाय, तं ती गाऊन दाखवल कोनाला?"

जनार्दनने लगेच तिला शास्त्राचा आधार दिला. सिमेंटच्या उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, गोधड्या नि माणसं तो पिऊन टाकतात. त्याचं बरोबरच होतं. निघताना त्याने तीन गोधड्या माझ्या खांद्यावर टाकल्या. त्या मी भिंतींवर टांगल्या आणि शेपूट खरंच आखूड झालं. पण त्या गोधड्यांना दुसऱ्यांच्या झोपेचा वास होता, त्यांच्या पोरांच्या तेलाचा, त्यांच्या चुलीचा. त्यांच्याकडे पाहत मी संध्याकाळभर एकटा बसलो, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं, की मी जनार्दनच्या आवाजावर जळत नव्हतो. मी त्याच्या भरलेल्या खोलीवर जळत होतो. माझ्या कानांना हे पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. मी मात्र महिनाभर लाकडाचे सांधे तपासत बसलो.

त्या आठवड्याच्या पत्रात मी पेटीविषयी काही लिहिलं नाही. लिहिलं ते इतकंच, की मला इथे एकट्याने करमत नाही. तुझी नोकरी आहे, शिकवणी आहे, ते सोडून ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तू इथे असावीस असं फार वाटतं. एवढं लिहायला मला ती पेटी बांधण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

उत्तर चार दिवसांत आलं. आखूड नव्हतं. वर्ष संपलं की शाळा सोडता येईल का ते विचारते, असं तिने लिहिलं होतं. पालघरच्या शाळेत गाण्याच्या बाई लागतील का, याची मी चौकशी करावी, असंही होतं. मग खाली, सही करण्यापूर्वी, हे: "चार महिने तुमच्या पत्रांतून त्या पेटीची लांबी, रुंदी आणि पॉलिश वाचतेय. मी कशी आहे हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. खरं सांगू का? मला तिचा फार मत्सर वाटत होता."